किलीफिशचं घराणं, प्रगती समाधानकारक

४ फेब्रुवारी, रविवार

मासे आले. एक नर, दोन माद्या. सरांनी थर्माकोलच्या खोक्यातून स्वतः आणून दिले. सर म्हणजे मला शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे. आता निवृत्त. मुलीकडे राहायला चाललेत. मुलीने सांगितलंय, बाबा, तुम्ही या, पण टँक नकोत.

हे किलीफिश रानातल्या डबक्यांत राहतात. डबकं आटलं की मासे मरतात. अंडी मात्र सुकलेल्या चिखलात जिवंत राहतात आणि पुढच्या पावसाला फुटतात. म्हणजे माशाचं आयुष्य जेमतेम वर्षाचं. दरवर्षी नवी पिढी काढायची. एक पिढी चुकली की संपलं. सरांनी हे घराणं कितीतरी वर्षं असं चालवलं. ज्यांना ज्यांना जोड्या दिल्या त्या सगळ्यांनी एकेक करत नाद सोडला. आता आहेत ते हे तीनच.

जाताना सर म्हणाले, घाबरू नकोस. मी घाबरले नव्हते. मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मोजमापाची उपकरणं तपासायच्या प्रयोगशाळेत, काम करते. ठरावीक तापमान, ठरावीक ओलावा, ठरावीक मुदत, एवढाच विषय आहे. हे माझं रोजचं काम.

ठराव: माशांना नावं द्यायची नाहीत. नर-१, मादी-१, मादी-२. गुंतायचं नाही. सप्टेंबरपर्यंत किमान चाळीस पिल्लं. त्यांच्या जोड्या वेगवेगळ्या घरांत द्यायच्या, म्हणजे धोका विभागला जाईल. हे सरांना कसं सुचलं नाही, कळत नाही.

आई म्हणाली, एवढुसे मासे आणि केवढं हे सामान. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. तिने नराकडे बघून विचारलं, हा नवरदेव का? तेव्हापासून घरात दोघीही त्याला नवरदेव म्हणतायत. मी नर-१ म्हणते.

९ फेब्रुवारी, सकाळ

मादी-१ टँकबाहेर.

झाकणाला हीटरच्या वायरसाठी खाच ठेवली होती. खाचेची रुंदी माशाच्या जाडीपेक्षा कमी आहे याची मी खात्री केली होती. खाच कॅलिपरने मोजली होती. माशाची जाडी अंदाजाने धरली होती, कारण मासा कॅलिपरमध्ये उभा राहत नाही.

आत्याला झाडताना कोचाखाली सापडली. म्हणाली, तुझी एक बाई फिरायला निघाली होती गं, वाटेतच गेली.

एक मादी राहिली. प्रयोगाच्या दृष्टीने हे जास्त सुटसुटीत आहे. खाचेवर टेप लावली.

११ फेब्रुवारी, रविवार

सरांचा फोन. दर रविवारी करणार म्हणाले आहेत. विचारलं, काय म्हणतायत मंडळी? मी म्हटलं, व्यवस्था सुटसुटीत केली आहे. ते म्हणाले, छान.

मी खोटं बोललेले नाही.

१८ फेब्रुवारी

नर-१ दिवसभर मादी-२ च्या मागे. तिला लपायला टँकमध्ये लोकरीचे दोरे सोडतात. आईकडे हिरव्या लोकरीचे दोरे मागितले, सगळे एका लांबीचे, एका टोकाला बांधलेले. आई म्हणाली, दोन दिवस थांब. दोन दिवसांनी तिने बाळाचं टोपडं विणून दिलं. वर गोंडा. म्हणाली, नुसते दोरे काय द्यायचे. उलटं करून सोड, चालेल.

उलटं करून सोडलं. मादी-२ आता कायम टोपड्यात असते. आईला हे रोज दाखवावं लागतं.

अंड्यांसाठी बरणीत पीट भरून ठेवला. पीट म्हणजे कुजलेल्या शेवाळाची भुसभुशीत, तपकिरी माती. जोडी तिच्यात अंग खुपसते आणि अंडी घालते. आज घातली. आत्या खुर्ची ओढून समोर बसली होती. मी वही घेऊन गेले तर म्हणाली, अगं जरा लाज, त्यांना एकांत दे. स्वतः उठली नाही.

३ मार्च

पहिला पीट काढला, पिळला, प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला. आत भरपूर अंडी. आता ही पिशवी काही आठवडे ठेवायची आणि मग तिच्यावर पाणी ओतायचं, म्हणजे अंड्यांना वाटतं पाऊस आला.

ओलावा किती हवा, हे सरांना विचारलं. ते म्हणाले, मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये, मूठ उघडली तर गोळा मोडू नये. ही संख्या नाही. मी संख्या विचारली. म्हणाले, हाताला कळतं गं. माझ्या हाताला कळत नाही. ओलावामापकाला कळतं. लॅबचा घरी आणला होता.

४ मार्च, सोमवार

सरांचं मत: पिशवी आईच्या कपाटात कपड्यांखाली ठेव. आमच्या घरातलं तापमान सकाळी एक, दुपारी दुसरं. हे असं चालणार नाही.

लॅबमध्ये तापमानाचं चेंबर आहे. फ्रीजसारखं दिसतं, पण आतलं तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत हलत नाही. सध्या त्यात माझीच दोन महिन्यांची थर्मामीटरची चाचणी चालू आहे आणि खालचा कप्पा रिकामा आहे. पिशवी तिथे ठेवली. रीतसर लेबल लावलं: नमुना क्र. १, तारीख, सही. आमच्याकडे लेबल असलेली वस्तू कुणी फेकत नाही. लेबल नसेल तर जेवणाचा डबासुद्धा कचऱ्यात जातो.

जगात इतकी चांगली सोय या अंड्यांची आजवर कुणी केली नसेल.

२४ मार्च, रविवार

सरांनी विचारलं, पिशवी कपाटात ठेवलीस ना? मी म्हटलं, एका प्रकारच्या कपाटात.

१४ एप्रिल

पिल्लांच्या खाण्याची रंगीत तालीम. मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या झिंग्यांची सुकी अंडी डबीत मिळतात. पाण्यात टाकली की दुसऱ्या दिवशी सुईच्या टोकाएवढे नारिंगी झिंगे. पहिल्याच प्रयत्नात असंख्य निघाले. तीन बाटल्या भरल्या. जास्तीचे नर-१ ने खाल्ले.

आत्या म्हणाली, स्वयंपाक तर झालाय, पाहुण्यांचा पत्ता नाही.

तिला नियोजन ही गोष्ट समजत नाही.

६ मे, सोमवार

माझी थर्मामीटरची चाचणी शुक्रवारी संपली. चेंबर सोमवारपर्यंत कुणी लावणार नाही असं धरलं होतं.

शनिवारी आमचा तंत्रज्ञ कामावर होता. त्याला सगळे ओकेटेस्टेड म्हणतात, कारण तो हातातल्या कुठल्याही वस्तूबद्दल तेवढंच बोलतो. त्याने चेंबर उघडलं. आत लेबल लावलेला नमुना. तारीख होती, माझी सही होती, कोणती चाचणी करायची ते लिहिलेलं नव्हतं. माणूस कामसू. त्याने आपली नेहमीची लावली. उणे वीस ते सत्तर अंश. गोठवायचं, भाजायचं, गोठवायचं, भाजायचं, रविवार संध्याकाळपर्यंत.

आज सकाळी प्रमाणपत्र माझ्या टेबलावर होतं. दृश्य दोष नाही. पिशवीला गळती नाही. पास.

स्वतः सांगायला आला. म्हणाला, मॅडम, चहापत्ती आहे का? एक नंबर निघाली, काही झालं नाही तिला.

प्रक्रियेच्या दृष्टीने त्याचं काही चुकलेलं नाही. मी त्याचे आभार मानले. मग स्टोअररूममध्ये जाऊन थोडा वेळ उभी राहिले. तिथे हवा चांगली आहे.

१२ मे, रविवार

सरांना सांगितलं, पहिल्या तुकडीच्या वेळापत्रकात फेरबदल आहे. ते म्हणाले, मादी थकायच्या आत दुसरी काढ.

फेरबदल म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. शिक्षक होते. उत्तरपत्रिका बघून त्यांना कळत असणार.

१९ मे

दुसरी पिशवी. अंडी थोडी आहेत. भिंग घेऊन बसावं लागलं. आईच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवली. हे सरांचं ऐकलं म्हणून नाही. दोन पद्धतींची तुलना व्हावी म्हणून.

आईने विचारलं, वास येणार नाही ना? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, आला तरी सांगणार थोडीच आहेस.

३० मे

मादी-२ गेली. टोपड्यात सापडली.

आईने टोपडं काढून घेतलं, साबणाने धुतलं, दोरीवर वाळत घातलं.

शिल्लक: नर-१ आणि स्वेटरांखालची पिशवी. म्हणजे सगळं घराणं आता दोन ठिकाणी विभागलेलं आहे. धोका विभागायचाच होता.

२८ जुलै, रविवार

सरांचा नियम: अंड्यात पिल्लाचे डोळे दिसले की पाणी घालायचं, त्याआधी नाही. गेला आठवडाभर रोज भिंगातून बघतेय. रोज काहीतरी काळं दिसतंय. ते डोळेच आहेत. दुसरं काय असणार?

आत्याला भिंग दिलं. तिने अंडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, मला तुझेच डोळे दिसतायत, एवढाले.

दुपारी काचेच्या छोट्या टबात पीट काढला आणि वर पाणी घातलं. झिंग्यांच्या बाटल्या कालच लावल्या होत्या, त्यामुळे आज घालणं भागच होतं.

२८ जुलै, संध्याकाळ

फुटली! नऊ पिल्लं. पापणीच्या केसाएवढी. मी आईला हाक मारली, जरा मोठ्याने. आई पीठभरल्या हाताने धावत आली. तिला वाटलं मी पडले.

पिल्लं टबच्या तळाशी आहेत. पोहत नाहीत, तळावरून उड्या मारत सरकतात. तळाला राहणं त्यांना आवडत असावं.

रात्रीच्या जेवणाआधी सरांचा फोन. त्यांना नऊ सांगितलं. इतके खूश झाले की मुलीलाही फोनवर बोलावलं. तिने माझं अभिनंदन केलं. मग सरांनी विचारलं, वर येतायत ना? मी म्हटलं, सध्या खालच्या भागाला पसंती आहे. ते म्हणाले, अगं, घाई झाली की पोटातली हवेची पिशवी भरत नाही. मग ती वर येऊ शकत नाहीत. घाई केलीस का?

घाई नव्हती. कार्यक्रम ठरलेला होता.

३१ जुलै

आठ गेली.

एक वर आहे. पोहतंय. झिंगे खातंय, त्याचं पोट नारिंगी दिसतं.

तीन बाटल्या झिंगे एका पिल्लासाठी. पोषण उत्तम होईल.

११ ऑगस्ट, रविवार

आज शांतपणे कागदावर मांडलं. नर-१ म्हातारा आहे, पण आहे. पिल्लू मादी निघालं तर दोघांची जोडी लागेल. बाप-लेक हा विचार मासे करत नाहीत, आणि सर म्हणाले एवढ्याने काही बिघडत नाही. पिल्लू नर निघालं तर संपलं. म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी. माझ्या मते निम्म्याहून जास्त. मासा शांत स्वभावाचा आहे.

नर असेल तर सहा-सात आठवड्यांत अंगावर रंग येतो. मादी फिकीच राहते. तेवढंच बघायचं आहे.

टब उचलून मोठ्या टँकला चिकटवून ठेवला, काचेला काच. आधीपासून ओळख असलेली बरी.

आई सकाळी उठल्या उठल्या टबजवळ जाते आणि म्हणते, मुलगीच होऊ दे. आज आत्या चहा घेत बघत होती. म्हणाली, मुलगी व्हावी म्हणून कुणी हात जोडून बसलेलं मी पहिल्यांदा बघतेय. माझ्या वेळेला नव्हतं बसलं कुणी. मग कप घेऊन आत गेली.

१ सप्टेंबर, रविवार

रंग नाही. पाच आठवडे झाले. राखाडी, साधी, गोल पोट. मादी आहे.

आज मीच सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, सगळी लक्षणं जुळतायत. ते म्हणाले, रंगावर जाऊ नकोस, आणखी थोडी थांब. मी म्हटलं, थांबायला नर-१ ला वेळ नाही. त्याच्या पाठीला बाक आलाय. सर म्हणाले, तेही आहेच.

बाजारात भेटलेल्या ओकेटेस्टेडने विचारलं, मॅडम, आज एवढ्या खुशीत? मी खुशीत नव्हते. निष्कर्ष हाती आला होता.

आईला सांगितलं, मादी-३ म्हणायचं. ती म्हणाली, छे, छकुली.

८ सप्टेंबर, रविवार

मादी-३ ला मोठ्या टँकमध्ये सोडलं. ताज्या पीटची बरणीही ठेवली. नर-१ लगेच जवळ गेला. ती पळाली, कोपऱ्यात गेली, पानामागे लपली. संकोच.

आई आणि आत्या दोघी समोर बसल्या होत्या. आत्या म्हणाली, पोरीला तो पसंत नाही. आई म्हणाली, कसा असेल, केवढं अंतर आहे वयात. मी म्हटलं, हा विषय असा नसतो. आत्या म्हणाली, असाच असतो.

११ सप्टेंबर

नर-१ दोन दिवस खात नाही. एकाग्र झालाय.

१२ सप्टेंबर, सकाळ

नर-१ गेला.

पीटच्या बरणीशेजारी पडला होता. शेपूट अजून तांबडी. कामावर जायचं होतं, पण बस एक सोडली, मग दुसरी सोडली.

चार दिवस दोघं एकत्र होते. अंडी घातली असण्याची शक्यता प्रबळ आहे. बरणीतला पीट काढून पिळला. यावेळी ओलावामापक लॅबमध्ये राहिला होता. मुठीत दाबला. पाणी गळलं नाही, गोळा मोडला नाही.

भिंगातून एकही अंडं दिसलं नाही. अंडी खोलवर असतील. पिशवी बंद केली. तिसरी. लेबल: अंडी, अपेक्षित.

आईला सांगितलं, नर-१ गेला. ती म्हणाली, नवरदेव? आणि बसूनच घेतलं.

१५ सप्टेंबर, रविवार

सरांना सांगितलं, नर गेला, पण पिशवी भरली आहे. खरं आहे. पिशवी पीटने भरली आहे.

१७ सप्टेंबर

मादी-३ च्या शेपटीवर तांबूस छटा. उजेडाचा परिणाम. बल्ब बदलला.

१८ सप्टेंबर

बल्बचा परिणाम नव्हता. झिंगे नारिंगी असतात, त्यांचा रंग अंगात उतरत असावा. झिंगे बंद केले.

१९ सप्टेंबर

अंगावर निळं. झिंग्यांत निळं काही नाही.

आईने संध्याकाळी टँकपाशी जाऊन बघितलं आणि परत आली. मला म्हणाली, चहा टाकू का?

२० सप्टेंबर

आता कोपऱ्यात लपत नाही. टँकभर फिरतो, पिसारा काढल्यासारखे पंख पसरून. आपल्याच प्रतिबिंबावर धावून जातो.

फिरतो, असं लिहिलं. तसंच राहू दे.

२१ सप्टेंबर

आत्याने विचारलं, त्या तिसऱ्या पिशवीतली माती मी कुंडीला घेऊ का? घे म्हटलं. तिने लेबल वाचलं, काढलं, नीट घडी घालून माझ्या हातात दिलं.

२२ सप्टेंबर, रविवार

सरांचा फोन सकाळीच आला. मी वाक्य तयार करून ठेवलं होतं, निष्कर्षात फेरबदल आहे, असं. ते निघालंच नाही. म्हटलं, सर, तो नर आहे.

ते म्हणाले, मोठा नर समोर दिसत असला की धाकटा रंग दाखवत नाही. मादीसारखा फिका राहतो, म्हणजे मार खावा लागत नाही. मोठा गेला की चार-पाच दिवसांत रंगतो. माझ्याकडे एकदा झालं होतं असं, म्हणून थांब म्हटलं.

मी टब टँकला चिकटवून ठेवला होता, हे सांगितलं. काचेला काच, महिनाभर. ते म्हणाले, हं.

मग विचारलं, आणखी कुठे काही? मी म्हटलं, काही नाही. हा एकटाच.

त्यांनी विचारलं, रंग कसा आलाय? मी टँकजवळ जाऊन बसले आणि जे दिसत होतं ते सांगितलं. अंग निळं. प्रत्येक खवल्याला बारीक तांबडी किनार. शेपूट पूर्ण तांबडी. म्हणाले, शेपटीच्या कडेला काळी रेघ? बघितलं. म्हटलं, आहे. तुटक नाही ना? नाही, सलग आहे. म्हणाले, मग अगदी बरोबर आहे. तसाच आहे.

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पलीकडे त्यांच्या मुलीच्या घरात कुठेतरी मिक्सर चालू होता.

आत्या खोलीत आली. विचारलं, कुणाशी बोलतेयस गं? मी म्हटलं, सरांशी. ती जरा वेळ दारात उभी राहिली. म्हणाली, पण बोलत तर कुणीच नाहीये.